खापरपणजीला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. तिचे पुढे काय झाले असेल?

गोदातीर (नाशिक)

नमस्कार. आमचे घराणे मूळचे सिन्नर तालुक्यातले असून गेल्या चार पिढ्या आम्ही पंचवटीत राहतो. वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर मी रामकुंडाजवळ आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले आणि घराण्याची वही पाहायला मागितली. माझ्या पणजोबांनी तरुणपणी येथे तीर्थश्राद्ध केले, तेव्हा स्वतःच्या हाताने लिहिलेला मोडी लेख तीत आहे. वडील, आजोबा, पणजोबा, चुलते, चुलत भाऊ अशी सगळी नावे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिली आहेत. मातृत्रयीत, म्हणजे आई, आजी आणि पणजी यांच्या नावांत, आजीचे नाव आहे, पणजीचेही आहे. आईच्या नावापुरती जागा मात्र कोरी आहे. मी ती नजरचूक समजले, पण उपाध्ये म्हणाले की विसरलेल्या नावासाठी कोणी जागा सोडून ठेवत नाही, ही जागा जाणूनबुजून सोडलेली आहे.

घरी येऊन मी आत्याला विचारले. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. बराच वेळ ती काही बोलली नाही आणि मग तुटक तुटक जे सांगितले ते असे. पणजोबांची आई, म्हणजे माझी खापरपणजी, विशीतच विधवा झाली. तेव्हा पणजोबा चार वर्षांचे होते. तिला नाशकात आणून याच रामकुंडावर तिचे केशवपन केले गेले. पुढे थोरला दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या साली गावच्या विहिरीत एक नवजात मूल सापडले आणि पोलिसांनी तिला धरून नेले. खटला चालला आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली. निकालाची बातमी आल्यावर भाऊबंदांनी घटस्फोट केला. आज हा शब्द आपण नवरा-बायकोच्या विभक्त होण्यासाठी वापरतो, पण जुना घटस्फोट म्हणजे पतित ठरवलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा घट फोडून, तो जिवंत असतानाच मेल्याचे जाहीर करण्याचा विधी होता. पणजोबांना चुलत्याने वाढवले आणि आई पटकीने गेली असे सांगितले. खरे काय ते त्यांना मुंज होऊन बऱ्याच वर्षांनी कळले.

दहा वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब अंदमानला गेलो होतो. सेल्युलर जेलच्या कोठड्यांसमोरून चालताना मला यातले काहीच ठाऊक नव्हते. आता सारखे वाटते की त्यांपैकीच एखाद्या कोठडीत ती असेल आणि मी तिच्या दारावरून पुढे निघून गेले असेन.

जाणकारांना माझे विचारणे एवढेच आहे की, त्या काळी नाशिककडच्या एका विधवेला ही शिक्षा झाली तर तिला कोणत्या वाटेने नेत, तेथे ती कशी जगत असे, परत येण्याची काही सोय होती का, आणि तिचे नाव आज कोणत्या दप्तरात मिळू शकेल. आत्याला हा शोध पसंत नाही. तिचा मान ठेवूनही मला तो सोडवत नाही.

दप्तरी

ताई, सुरुवात तुमच्या मनातल्या चित्रापासून करतो, कारण ते चुकीचे आहे आणि त्याचा तुम्हाला त्रास होतो आहे. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ साली सुरू झाले आणि १९०६ साली पूर्ण झाले. तुमच्या आत्याबाई म्हणतात तो थोरला दुष्काळ १८७६ ते १८७८ चा. म्हणजे खटला १८७९-८० च्या सुमाराचा असणार. त्या वेळी ती इमारत अस्तित्वातच नव्हती, आणि उभी राहिल्यावरही तेथे पुरुष कैदीच ठेवत. स्त्रियांचा तुरुंग वेगळा होता. तुम्ही तिच्या दारावरून पुढे गेलेला नाहीत.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३०२ कलमाखाली खुनाला फाशी किंवा आजन्म काळे पाणी या दोनच शिक्षा होत्या. परंतु विहिरीत मूल सापडले म्हणजे खुनाचाच आरोप सिद्ध होईल असे नव्हते. बारा वर्षांखालचे मूल टाकून दिल्यास ३१७ कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद होती आणि जन्म लपवण्यासाठी मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावल्यास ३१८ कलमाखाली अवघी दोन वर्षांपर्यंत. एकाच प्रकारच्या प्रसंगात एकीला दोन वर्षे आणि दुसरीला सारा जन्म, इतके अंतर पडत असे, आणि ते बहुतेक वेळा एका प्रश्नावर ठरे: मूल जिवंत जन्मले होते की नाही. त्या काळचे सिव्हिल सर्जन अर्भकाचे फुप्फुस पाण्यात टाकून ते तरंगते की बुडते हे पाहत आणि त्यावरून मत देत. पाण्यात दिवस काढलेल्या देहाच्या बाबतीत ही परीक्षा किती भरवशाची होती, याचा विचार केला की मन विषण्ण होते. म्हणून आपल्या पूर्वजेला शिक्षा झाली एवढेच आज खात्रीने म्हणा. तिने काय केले हे कागद पाहिल्यावर ठरवा.

आता कागदांविषयी. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधीचा खटला असता तर अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, दप्तरात डोकवावे लागले असते. तुमच्या काळासाठी ती अडचण नाही. सत्र न्यायाधीशाने प्रथम फाशी सुनावली असल्यास ती उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नसे. म्हणून असा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे गेलाच असणार. शिक्षा कमी करण्याचे अर्ज सरकारकडे जात आणि त्यांवरचा पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या न्यायखात्याच्या खंडांत बांधलेला असतो. ते खंड काळा घोडा येथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आहेत. अंदमानचा कारभार थेट हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्याकडे होता. त्याचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतील बराच भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतो. खुद्द पोर्ट ब्लेअरमधली पुष्कळ कागदपत्रे १९४२ ते १९४५ या जपानी अमलात नाहीशी झाली, त्यामुळे तेथे जाण्याआधी दिल्ली पाहावी.

शोधताना एक लक्षात ठेवा. अशा कागदांत स्त्रीची ओळख बहुधा ‘अमुकबाई कोम (म्हणजे बायको) अमुक’ अशी येते आणि इंग्रजी सूचीत आडनाव गळून पडते. म्हणून आडनाव शोधत बसू नका. तिचे स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव आणि गावाचे नाव या तीन गोष्टी हव्यात, आणि इंग्रजी कारकुनाने त्यांची अक्षरे कशी लिहिली असतील त्याचे चार-पाच पर्याय करून ठेवायला हवेत.

शिक्षा झाली म्हणजे ती समुद्रापार गेलीच असेही गृहीत धरू नका. काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या कित्येक स्त्रियांची शिक्षा सरकारने कमी केली आणि त्यांनी ती येथल्याच तुरुंगात भोगली. १८८१ सालचे सुरतेच्या विजयालक्ष्मीचे प्रकरण सर्वांना माहीत आहे. तीही विधवा होती आणि आरोपही हाच होता. आधी फाशी झाली, मग ती रद्द होऊन आजन्म काळे पाणी, आणि अखेर पाच वर्षे. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी साऱ्या विधवांच्या चारित्र्यावर जे लिहिले, त्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली लेखणी उचलली. तुमच्या खापरपणजीचा खटला त्याच्या दोनएक वर्षे आधीचा दिसतो. तिच्यासाठी कोणी लिहिले होते का, हेही शोधण्यासारखे आहे.

टापूवरची आठ वर्षे

मी मूळची निफाडची. यजमानांच्या नोकरीमुळे पोर्ट ब्लेअरला आठ वर्षे राहिले आणि तेथल्या शाळेत शिकवले. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरात अशी एखादी खापरपणजी होती, म्हणून हा प्रश्न वाचून राहवले नाही.

१८५८ च्या मार्च महिन्यात डॉक्टर वॉकर दोनशे कैद्यांना घेऊन तेथे उतरले आणि वसाहत सुरू झाली. पुढे कैद्यांची संख्या हजारांत गेली, पण त्यांत स्त्रिया नेहमीच फार थोड्या होत्या. सरकारला त्या हव्या होत्या त्या शिक्षेसाठी, तितक्याच वसाहत वसवण्यासाठी, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या आयुष्याचा उलगडा होत नाही. मुंबई इलाख्यातले कैदी कोणत्या वाटेने जात, याचा नाशिककरांच्या आठवणीतला दाखला सावरकर बंधूंचा आहे. १९११ साली तात्यारावांना ठाण्याच्या तुरुंगातून आगगाडीने मद्रासला नेले आणि तेथून ‘महाराजा’ बोटीवर चढवले. तुमच्या खापरपणजीच्या काळी थळ घाटातला लोहमार्ग होऊन पंधरा वर्षे झाली होती, तेव्हा नाशिकहून घाट उतरताना तीही आगगाडीतच बसली असेल. जिने गोदावरीपलीकडे फारसे काही पाहिले नसेल, तिने पहिली आगगाडी आणि पहिला समुद्र अशा रीतीने पाहिला असेल.

स्त्रियांचा तुरुंग पुढे साउथ पॉइंटला होता. आज त्या भागात फिरणाऱ्या प्रवाशाला त्याचे काही सांगितले जात नाही. तेथे दळणकांडण असे, पण मुख्य काम विणकामाचे होते. वसाहतीतल्या कैद्यांचे कपडे या बायकांच्या हातून तयार होत. शतकाच्या अखेरीस जे नियम छापून ठेवलेले आहेत ते मी मुलांना शिकवण्यासाठी उतरवून घेतले होते. त्यांनुसार प्रत्येक कैदी स्त्रीने तुरुंगातच राहायचे. बाहेर पडण्याचे मार्ग दोनच होते: परवानगीने एखाद्या घरी घरकामाला लागणे किंवा लग्न करून नवऱ्याकडे राहणे. या दोन्हींसाठी टापूवर पाच वर्षे पुरी व्हावी लागत. वागणूक चांगली असेल तर तुरुंगाच्या आत एकेक वर्ग वर चढता येई आणि पुरुषांप्रमाणे स्त्रियांनाही मुकादमीसारख्या कैदी अधिकाऱ्याच्या जागा मिळत. लग्न झालेल्या स्त्रीला पंधरा वर्षांनी टापू सोडता येई, पण नवऱ्याबरोबरच. दोघांपैकी ज्याची मुदत उरली असेल त्याच्यासाठी दुसऱ्याने थांबायचे. लग्न न करणाऱ्या स्त्रीला वीस वर्षे राहावे लागे.

हे आकडे तुमच्या खापरपणजीला लावून पाहा. ती १८८० च्या आसपास पोहोचली आणि तिने लग्न केले नाही असे मानले, तर सुटका १९०० च्या सुमारास होते. तेव्हा ती पंचेचाळीस-पन्नाशीची असेल आणि तिचा मुलगा, तुमचे पणजोबा, पंचवीस-तिशीचे. वहीतला लेख कोणत्या सालचा आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते साल मिळाले तर तो लेख ती जिवंत असताना लिहिला का, हे तरी ताडता येईल.

लग्नाविषयी लिहिताना मला थोडे जपून लिहावे लागते आहे. पुरुष कैद्याला साधारण दहा वर्षांनी तिकीट मिळे, म्हणजे तो स्वतःची शेती किंवा धंदा करून राहू शके आणि बायको करू शके. असे तिकीटवाले पुरुष ठरल्या दिवशी स्त्रियांच्या तुरुंगाच्या आवारात येत, बायकांना रांगेत उभे करत आणि पसंती होई. स्त्रीला नकार देता येत असे आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून लग्न होत नसे. पण ज्या स्त्रीपुढे एका बाजूला माग आणि तुरुंगाची भिंत, आणि दुसऱ्या बाजूला एक झोपडी, दोन गाई आणि अनोळखी पुरुष, एवढीच निवड होती, तिच्या होकाराला आपण काय म्हणावे, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेले नाही. या जोडप्यांची वस्ती म्हणून एका भागाला शादीपूर नाव पडले. ते आजही तेच आहे आणि आमचा दूधवाला तेथूनच यायचा. हिंदूचे हिंदूशी आणि मुसलमानाचे मुसलमानाशी लग्न व्हावे एवढे पाहिले जाई. जात जुळणे जवळजवळ अशक्यच होते. रत्नागिरीची बाई आणि अवधचा पुरुष असे संसार झाले, घरात हिंदुस्तानी बोलली जाऊ लागली, आणि त्यांची मुले ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखली गेली. कैद्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते, ही गोष्ट त्या काळच्या सिन्नर तालुक्यालाही लाभलेली नव्हती. १९०१ च्या शिरगणतीत सगळ्या वसाहतीची लोकसंख्या १६,१०६ होती आणि तिकीटवाल्यांची ३८ खेडी वसलेली होती.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीला मराठीतले एक अक्षर कळत नव्हते, पण ती तिच्या आजीकडून ऐकलेली जात्यावरची ओवी म्हणायची. अर्थ विचारला तर हसायची. ‘पंढरी’ आणि ‘माहेर’ हे दोन शब्द मला त्यात स्पष्ट ऐकू आले.

त्र्यंबक रस्ता

वर दोघांनी दिलेली माहिती मोलाची आहे, पण मी वयाने मोठा असल्यामुळे एक शंका मांडतो. पणजोबांनी जागा कोरी सोडली ती विचारपूर्वक सोडली, असे उपाध्येच सांगतात. ज्या माणसाने हे दुःख प्रत्यक्ष सोसले त्यानेच नाव न लिहिण्याचे ठरवले असेल, तर चौथ्या पिढीने ते शोधून लिहावे का? तिकडे तिचे दुसरे लग्न झालेले निघाले, दुसरा वंश निघाला, तर आत्याबाईंना या वयात ते सोसवेल का, याचाही विचार व्हावा. माझा विरोध नाही. घाई करू नये, इतकेच सांगणे आहे.

दप्तरी

काकांच्या शंकेचा मी आदर करतो, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. नाव वगळणे ही पणजोबांची एकट्याची निवड होती, असे आपल्याला म्हणता येत नाही. चुलत्याच्या घरात वाढलेला, भाऊबंदांत राहायचे असलेला मुलगा घट फोडून मृत ठरवलेल्या आईचे नाव चारचौघांसमोर वहीत लिहू शकत नव्हता. पण ओळ सरळ पुढे नेऊन टाकणे त्याच्या हातात होते आणि तसे त्याने केले नाही. मला त्या कोऱ्या जागेत नकार दिसत नाही.

येथे पुण्याच्या काशीबाईची हकीकत आठवते. १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयीच्या बेहरामजी मलबारींच्या टिपणावर मत देताना जोतीराव फुले यांनी ती स्वतः सांगितली आहे. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले, दिवस गेले, मूल झाल्यावर भीतीपोटी तिने त्याला मारले आणि विहिरीत टाकले. पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला आजन्म काळ्या पाण्यावर धाडले. खटला संपताच जोतीरावांनी गोवंड्यांच्या साहाय्याने आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि त्या टिपणापर्यंत तेथे ३५ विधवा बाळंत झाल्या होत्या. पुढे पंढरपुरालाही असे गृह निघाले. काशीबाईचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते जोतीरावांनी लिहून ठेवले म्हणून. त्या शास्त्र्याचे नाव मात्र न्यायालयापुढे आले नाही, त्याच्यासाठी कोणी घट फोडला नाही, आणि त्याच्या वंशजांच्या वहीत कोणतीही जागा कोरी नसेल. ताईंच्या खापरपणजीच्या गोष्टीतही एक पुरुष आहे आणि आतापर्यंतच्या साऱ्या सांगण्यात त्याचा उल्लेखसुद्धा आलेला नाही. खटल्याच्या कागदांत साक्षीदारांच्या जबान्या असतील, तर त्या वाचताना याकडेही लक्ष द्यावे.

सिडनीतील नाशिककर

माझे बालपण भद्रकालीत गेले आणि आता वीस वर्षे सिडनीत आहे. येथे आमच्या घरापासून जवळच पॅरामाटा येथे स्त्री कैद्यांसाठी १८२१ साली बांधलेली इमारत आहे, तिला ‘फीमेल फॅक्टरी’ म्हणत. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी ऑस्ट्रेलियात आणले गेले. त्यांत पंचवीस हजारांच्या आसपास स्त्रिया होत्या. त्या बहुतेक चोरीच्या गुन्ह्यातल्या, कापडाचा तागा किंवा चार भांडी उचलल्याच्या. अंदमानच्या बायकांवरचे आरोप जास्त गंभीर असत, हा फरक आहे. बाकी पुष्कळ गोष्टी वाचताना मला त्याच वाटतात: येथेही सूत आणि लोकर विणणे होते, वर्ग होते, आणि येथेही लग्नेच्छू पुरुष येऊन रांगेतून बायको निवडत.

एका गोष्टीसाठी मात्र मुद्दाम लिहायला बसलो. पॅरामाटात सर्वांत खालच्या वर्गात टाकलेल्या स्त्रीचे केस कापत. उपाशी ठेवणे आणि कोठडी यांपेक्षा या शिक्षेचा बायकांना जास्त राग होता आणि त्यावरून दंगे झाले आहेत. पहिल्यांदा ही माहिती वाचली तेव्हा मला रामकुंडावरच्या, माझ्या आजीने पाहिलेल्या बायका आठवल्या. येथे सरकार जी शिक्षा गुन्ह्यासाठी देत होते, ती ताईंच्या खापरपणजीला नवरा मेल्याबद्दल आधीच झालेली होती. अंदमानात तिचे केस पुन्हा वाढले असतील, असे मला सारखे वाटते.

काकांच्या शंकेविषयी एवढे सांगतो की, येथेही तीन-चार पिढ्या लोकांनी कैदी पूर्वज लपवले, कागद फाडले, आडनावे बदलली. आज तीच मंडळी जहाजाचे नाव आणि उतरल्याची तारीख अभिमानाने सांगतात, आणि या वास्तूंपैकी अकरा ठिकाणे २०१० साली जागतिक वारशात गेली. ही लाज किती काळ टिकेल हे घरच्यांवरच अवलंबून असते, असा माझा अनुभव आहे.

गोदातीर (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण मध्ये दोन गोष्टी घडल्या.

उपाध्यांकडे पुन्हा जाऊन लेखाचे साल पाहून आले. तो शके १८१७ चा, म्हणजे १८९५ सालचा आहे. टापूवर राहिलेल्या ताईंच्या हिशेबाप्रमाणे ती तेव्हा अंदमानात असेल तर तिची वीस वर्षे अजून पुरी झालेली नव्हती. ती हयात असण्याचा पुष्कळ संभव होता आणि पणजोबांनाही ते कळत असणार. जिवंत आईला पिंड देता येत नाही, आणि भाऊबंदांच्या लेखी मेलेल्या आईला जिवंतही म्हणता येत नाही. दप्तरी यांनी लिहिले ते मला आता पटते.

दुसरी गोष्ट आत्याची. काकांनी तिची काळजी केली होती, म्हणून त्यांनाच हे प्रथम सांगावेसे वाटते. हे सारे तिला वाचून दाखवावे की नाही, या विचारात मी तीन दिवस घालवले आणि मग वाचून दाखवले. दुसऱ्या लग्नाच्या भागावर ती काहीच बोलली नाही. केसांच्या भागावर तिने डोळे पुसले. विहिरीतल्या मुलाच्या बापाविषयी आजवर कोणी विचारलेच नाही, असे ती स्वतःशीच म्हणाली, आणि मग मला विचारले की कागदांसाठी काय काय लागते. मी म्हटले, नवऱ्याचे नाव वहीत आहे, गाव माहीत आहे, अडले आहे ते तिच्या नावावर. आणि ते सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

आत्या म्हणाली, तिलाही ते कोणी सांगितले नव्हते. पण तिच्या लहानपणी धाकट्या बहिणीचे बारसे होते तेव्हा बाळाच्या आत्याने एक नाव सुचवले आणि पणजोबा पाटावरून उठून बाहेर निघून गेले. ते नाव काही वावगे नव्हते, घरोघरी असते तसे देवीचे नाव होते. मग पाळण्यात दुसरेच नाव ठेवले गेले. पुढे माझ्या वडिलांच्या चुलत बहिणींच्या वेळी, माझ्या वेळी आणि माझ्या भाचीच्या वेळीही ते नाव सुचताच कोणीतरी ‘आपल्याकडे ते चालत नाही’ म्हणाले, आणि का चालत नाही हे कोणी विचारले नाही. ते नाव मी येथे लिहीत नाही. आत्याने मात्र ते मला एका चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे, आणि त्याखाली इंग्रजीत ते कसकसे लिहिले गेले असेल त्याचे सहा प्रकार आम्ही दोघींनी बसून काढले आहेत. सोमवारी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मी मुंबईला जाते आहे. सूचीत काय मिळते ते कळवीन.